उशाशी घड्याळ, ओट्यापाशी रेडिओ: ठाणे-नवी मुंबईच्या घरासाठी क्लॉक रेडिओ निवडताना

क्लॉक रेडिओ घेताना बहुतेक लोक आधी यंत्र आणतात आणि ते घरात कुठे ठेवायचं हे नंतर ठरवतात. गडबड इथेच होते. झोपायच्या खोलीत या यंत्राचं मुख्य काम अंधारात वेळ दाखवणं आणि वीज गेली तरी वेळेवर उठवणं हे असतं. तिथे रेडिओ बेताचा असला तरी चालतो. किचनमध्ये नेमकं उलट. घड्याळ दोन मिनिटं पुढेमागे असलं तरी सकाळचा डबा होतो, पण एक्झॉस्ट सुरू झाल्यावर बातम्या ऐकू येत नसतील किंवा मिक्सर लावल्यावर नुसती खरखर होत असेल, तर ते यंत्र आठ दिवसांत माळ्यावर जातं. म्हणून खोली आधी ठरवा. दोन्ही खोल्यांत तितकंच चांगलं काम करणारा संच स्वस्तात मिळत नाही. एकच यंत्र रोज इकडून तिकडे न्यायचा बेत असेल तर तोही सोडा. प्रत्येक वेळी प्लग काढला की घड्याळ बॅकअपवर जातं आणि अँटेनाची बसलेली जागा मोडते.

खरेदीआधी घरात सिग्नल मोजा

एखादा खिशातला जुना रेडिओ मिळवा. शेजाऱ्यांकडे, आजोबांच्या कपाटात कुठेतरी असतोच. मोबाईलवर इअरफोन लावून एफएम लागत असेल तर तेही चालेल, पण त्यात इअरफोनची वायरच अँटेना होते आणि ती लांब असल्यामुळे निकाल जरा जास्त चांगला दिसतो, एवढं लक्षात ठेवा.

यंत्र जिथे ठेवायचं आहे त्याच टेबलावर किंवा फळीवर रेडिओ ठेवा आणि तुम्ही खरोखर ऐकता ती केंद्रं लावून पाहा: ९१.१ वर रेडिओ सिटी, ९८.३ वर मिर्ची, १००.७ वर एफएम गोल्ड, १०२.८ वर विविध भारती, १०७.१ वर रेनबो. मध्यम लहरींवरची अस्मिता वाहिनी ऐकायची असेल तर ५५८ किलोहर्ट्झ. ही चाचणी दोनदा करा. एकदा सकाळी सातच्या सुमारास, घरातले दिवे, गिझर, मिक्सर सगळं चालू असताना. दुसऱ्यांदा रात्री.

घर कुठे आहे यावर बरंच अवलंबून असतं. घोडबंदर रोडच्या पट्ट्यात पश्चिमेला येऊरचा डोंगर आडवा येतो. तिथे खालच्या मजल्यांवर काही केंद्रं दबलेली लागतात आणि त्याच इमारतीत वर गेलं की स्वच्छ लागतात. वाशी, नेरूळच्या खाडीकडे तोंड असलेल्या खोल्यांना मुंबईची दिशा मोकळी मिळते. तशाच फ्लॅटची आतल्या पॅसेजला लागून असलेली बेडरूम मात्र चार सिमेंटच्या भिंतींआड असते. वाटेत काँक्रीट आणि सळया आल्या की एफएम कमजोर होतं आणि मध्यम लहरी तर जवळजवळ गिळल्या जातात. वीस-पंचवीसाव्या मजल्यावर कधी वेगळाच त्रास होतो. सिग्नल इतका जोरदार येतो की स्वस्त रिसीव्हर गोंधळतो आणि एका केंद्रावर दुसरं घुसतं. यावर उपाय सोपा आहे, तो पुढे येईल.

चाचणीत कोणतं केंद्र कुठे लागलं हे कागदावर लिहून ठेवा. सगळं छान लागलं तर साध्या रिसीव्हरचा संच पुरेल. लागलं नाही तर बाहेरची अँटेना जोडायची सोय असलेलाच संच घ्यायचा, किंवा वायफायवर चालणारा.

परदेशातून आलेला संच: फुकट मिळाला तरी आधी हे वाचा

आपल्याकडे दुकानात क्लॉक रेडिओची निवड कमी, त्यामुळे बरेच संच अमेरिकेहून नातेवाइकांच्या बॅगेतून येतात. यात चार अडचणी असतात आणि त्या सगळ्या घरी आल्यावरच कळतात.

पहिली विजेची. तिकडे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, इथे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. प्लगला नुसता कन्व्हर्टर पिन लावून बोर्डात घातला तर आतला ट्रान्सफॉर्मर जळतो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला तर व्होल्टेज उतरतं, पण फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला येणाऱ्या लहरींची संख्या, ५० च राहते. जे घड्याळ विजेच्या लहरी मोजून चालतं ते ६० लहरींना एक सेकंद धरतं. आपल्याकडे सेकंदाला ५० च येतात, म्हणून ते तासाला १० मिनिटं मागे पडतं. रात्री ११ ला वेळ बरोबर लावून सकाळी ६ चा गजर लावला, तर तो वाजेल ७ वाजून २४ मिनिटांनी. संचाच्या पोटाखाली ५०/६० असा खटका आहे का ते पाहा. असला तर ५० कडे करा.

दुसरी अडचण स्टेशनांच्या टप्प्यांची. अमेरिकी संच एफएमवर ०.२ च्या पायरीने चालतात आणि ती पायरी विषम दशांशावर पडते: ९१.१, ९१.३, ९१.५. त्यामुळे ९८.३ लागेल, पण १०२.८ ची विविध भारती दोन पायऱ्यांच्या मधे अडकेल. मध्यम लहरींवर त्यांची पायरी १० किलोहर्ट्झची, आपली ९ ची. अस्मिताचा ५५८ हा आकडा ९ च्या पायरीवर बसतो, १० च्या पायरीवर तो येणारच नाही. ९/१० असा खटका किंवा मेनूत प्रदेश बदलायची सोय असेल तर बहुधा दोन्ही प्रश्न सुटतात. देशांतर्गत विक्रीसाठी बनलेले जुने जपानी संच तर घेऊच नका. त्यांचं एफएम ७६ ला सुरू होऊन ९० ला संपतं, आणि वर दिलेलं आपलं एकही केंद्र त्यात बसत नाही.

तिसरी, ‘आपोआप वेळ लावणारं’ घड्याळ. अमेरिका, जर्मनी, ब्रिटनमध्ये रेडिओलहरींवर वेळेचा संकेत सोडतात आणि तिकडची घड्याळं तो पकडतात. तो इथे पोचत नाही. काही संचांत वेळ कारखान्यातच भरलेली असते आणि तुम्ही फक्त टाइम झोन निवडायचा असतो. पण त्या यादीत अर्ध्या तासाचा झोन नसेल तर भारताची साडेपाच तासांची वेळ बसतच नाही. हाताने वेळ लावता येते का, हा प्रश्न आधी विचारा.

चौथी, ‘डॅब’ रेडिओ. युरोपात चालणाऱ्या या डिजिटल पद्धतीचं नियमित प्रक्षेपण भारतात नाही. संचात डॅबसोबत एफएम असेल तर ठीक, नाहीतर ते नुसतं घड्याळ.

(पाचवी म्हणण्याइतकी मोठी नाही, पण कान तयार असलेल्यांना जाणवते. अमेरिकी रिसीव्हर आपल्यापेक्षा वेगळ्या डी-एम्फसिसवर, म्हणजे बारीक स्वर उतरवण्याच्या मापावर, बसवलेले असतात, तिथे ७५ मायक्रोसेकंद आणि इथे ५०. त्यामुळे इथली गाणी त्यावर किंचित बोथट वाजतात.)

बेडरूमसाठी: घड्याळाचं पोट तपासा

इथे जास्त वेळ द्या. घड्याळ वेळ कशावरून मोजतं ते आधी पाहा. दोन पद्धती आहेत, विजेच्या लहरी किंवा क्वार्ट्झ स्फटिक. आपल्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवायची असते. दिवसभर ती सरासरी ४९.९५ राहिली तर लहरी मोजणारं घड्याळ त्या दिवसात ८६ सेकंद मागे पडतं. क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि साधारण प्रतीचाही महिन्याला पाऊण-एक मिनिटापेक्षा फारसा चुकत नाही. घरी इन्व्हर्टर असेल तर क्वार्ट्झच घ्या. स्वस्त इन्व्हर्टरची लहर चौकोनी असते, तिचे काटे घड्याळ जादा लहरी म्हणून मोजतं आणि वेळ पुढे पळते.

मग बॅकअप. वीज गेल्यावर घड्याळ कशावर चालतं? लहान संचांत बहुधा सीआर २०३२ ही नाण्यासारखी बॅटरी असते, जुन्या पद्धतीच्या संचांत चौकोनी ९ व्होल्टची, काहींत दोन पेन्सिल सेल. खोक्यावर ‘बॅटरी बॅकअप’ लिहिलेलं असतं, पण त्याचे तीन वेगळे अर्थ निघतात: फक्त वेळ लक्षात राहते, वेळ राहते आणि गजरही वाजतो, किंवा रेडिओसकट सगळं चालतं. तुम्हाला किमान दुसरा हवा. नाण्याच्या बॅटरीवाले बहुतेक संच पहिल्या प्रकारात मोडतात. पहाटे साडेचारला वीज गेली आणि सहाला आली, तर घड्याळात वेळ अगदी बरोबर, पण साडेपाचचा गजर वाजलेलाच नसतो. सोसायटीत जनरेटर आहे म्हणून निश्चिंत राहू नका. तो लिफ्टसाठी आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी असतो, तुमच्या उशाजवळच्या सॉकेटसाठी क्वचितच.

लहरी मोजणाऱ्या काही घड्याळांत बॅटरीवर गेल्यावर आतला एक ढोबळ ऑसिलेटर, म्हणजे स्वतःच ठोके देणारं सर्किट, काम करतो. दोन तास वीज नसली तर वेळ काही मिनिटांनी सरकते. मे महिन्यात पावसाळ्यापूर्वीच्या कामांसाठी वीज दिवसभर बंद असते, तेव्हा हे हमखास दिसतं.

आता आकडे. प्रकाशाचा रंग तांबडा किंवा पिवळसर घ्या. निळा आणि पांढराशुभ्र दुकानात छान दिसतो, पण डोळ्यातल्या ज्या पेशी शरीराला ‘दिवस आहे’ असं सांगतात त्या निळ्या प्रकाशालाच सर्वात जास्त प्रतिसाद देतात. चष्मा काढून वेळ वाचायची असेल तर आकड्यांची उंची ३ सेंटीमीटरच्या आसपास हवी, नंबर जास्त असेल तर ४. प्रकाश मंद करायच्या पायऱ्या किमान तीन असाव्यात, आणि सर्वात मंद पायरी खरंच मंद आहे का हे पाहायला दुकानातच संच हाताच्या ओंजळीत किंवा पिशवीत धरून बघा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळंच मंद वाटतं.

गजरात या गोष्टी असाव्यात: दोन स्वतंत्र वेळा, शनिवार-रविवार वगळायची सोय, हळूहळू वाढणारा आवाज, आणि गजराचा आवाज रेडिओच्या आवाजापासून वेगळा ठरवता येणं. ही शेवटची सोय नसेल तर एक हमखास अपघात होतो. रात्री झोप लागावी म्हणून आवाज अगदी कमी केलेला असतो आणि सकाळी गजराचा रेडिओ तितक्याच दबक्या आवाजात वाजून बंद होतो. रेडिओवर उठायचं असेल तर त्या वेळी ते केंद्र सुरू असतं ना, हेही पाहा. काही केंद्रं रात्रीचे काही तास बंद असतात आणि पहाटे चारच्या गजराला नुसती खरखर मिळते. पहिली लोकल गाठायची असेल तर गजर बझरवरच ठेवा, रेडिओ दहा मिनिटांनंतरच्या दुसऱ्या गजराला द्या.

घड्याळ २४ तासांच्या पद्धतीवर ठेवा. बारा तासांच्या पद्धतीत सकाळ-दुपार दाखवायला कोपऱ्यात एक बारीक ठिपका असतो. ‘गजर वाजलाच नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा तोच असतो, कारण गजर संध्याकाळच्या साडेपाचला लागलेला असतो.

आवाजाच्या बाबतीत बेडरूमला कमाल नव्हे, किमान महत्त्वाची. डिजिटल बटणांच्या संचात आवाज १ वर ठेवून ऐका. शेजारी झोपलेला माणूस जागा होईल इतका असेल तर तो संच रात्री निरुपयोगी. आवाज ० वर असताना स्पीकरला कान लावा, गुणगुण ऐकू आली तर तीही रात्रभर सोबत करेल.

किचनसाठी: रेडिओ आधी

इथे शत्रू तीन: गोंगाट, वाफ-तेल आणि विजेचा उपद्रव.

गोंगाटासाठी स्पीकर किमान ३ इंचाचा आणि आवाज खरा २-३ वॉटचा हवा. खोल बास इथे उपयोगाचा नाही. कुकरच्या शिट्टीतून आणि एक्झॉस्टच्या घरघरीतून निवेदकाचे शब्द सुटे ऐकू यायला मधला आवाज मोकळा लागतो. ‘न्यूज’ किंवा ‘व्हॉइस’ असा खटका असेल तर फारच उत्तम. बटणं मोठी, दाबल्यावर टक् करणारी घ्या. टच बटणांवर कणकेचा किंवा तेलाचा हात लागला की ती ऐकत नाहीत. पाच-सहा केंद्रं साठवायची वेगळी बटणं हवीत, कारण फोडणी टाकताना मेनू शोधत बसायला कुणाला वेळ नसतो. मिनिटांचा उलटा टायमर असेल तर तो रोज वापरला जातो, गजर मात्र फक्त पाणी सुटायच्या वेळेपुरता.

जागा गॅसपासून किमान ३-४ फूट दूर, शक्यतो समोरच्या भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीला. कपाटाच्या तळाला स्क्रूने टांगायचे संच परदेशात चालतात, पण आपल्याकडे शेगडीच्या वरच्या कपाटाखाली ते लावले तर फोडणीची वाफ थेट स्पीकरच्या जाळीत जाते आणि वर्षभरात कागदी पडदा तेलाने जड होऊन आवाज फाटतो. वरच्या बाजूला उघड्या फटी असलेला संच किचनला नको. आणि एक गोष्ट दुकानदार सांगत नाही: झुरळांना उबदार जागा आवडते, आणि सतत चालू असलेलं अ‍ॅडॅप्टर किंवा ट्रान्सफॉर्मर त्यांना चांगलंच मानवतं. संचाच्या मागच्या मोठ्या फटींना आतून बारीक जाळी लावलेली असेल तर ते बरं लक्षण. फटी बाहेरून चिकटपट्टीने बंद मात्र करू नका, उष्णता कोंडते.

उपद्रवाचं असं आहे: मिक्सरच्या मोटरमध्ये कार्बन ब्रश असतात, त्यांच्या ठिणग्या सगळ्या बँडवर खरखर सोडतात. ते मिनिटभर सोसावं लागतं, फक्त रेडिओ त्याच बोर्डावर लावू नका. इंडक्शन शेगडी मध्यम लहरी पार बुडवते, एफएमला फारसं काही करत नाही. मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो आणि ब्लूटूथही त्याच भागात. त्यामुळे मोबाईलवरून ब्लूटूथने गाणी लावली की दूध गरम करताना ती तुटतात. सर्वात चिवट त्रास स्वस्त एलईडी बल्बचा आणि चार्जरचा. रेडिओ खरखरत असेल तर एकेक दिवा, एकेक चार्जर बंद करत जा. दोषी सापडतोच.

दुकानात दहा मिनिटं

नौपाड्यातलं दुकान असो की वाशीच्या सेक्टर १७ मधलं, संच खोक्यातून काढून प्लग लावूनच घ्या. गजर दोन मिनिटांनंतरचा लावा, बॅटरी घाला, मिनिट उरलं असताना प्लग ओढा. गजर वाजतो की नाही यातून बॅकअपचा खरा अर्थ कळतो. मग प्लग परत लावून वेळ, साठवलेली केंद्रं आणि गजर जागेवर आहेत का पाहा. काही संच केंद्रं विसरतात.

अ‍ॅडॅप्टर उलटून पाहा. भारतीय मानक ब्युरोची खूण आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक त्यावर असायला हवा. तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की बनवणाऱ्याचं नाव दिसतं. खूण नसलेलं अ‍ॅडॅप्टर नुसतं धोक्याचं नाही, तेच रेडिओत खरखर सोडतं. पिन गोल आणि आपल्या बोर्डात घट्ट बसणारी हवी.

ऑनलाइन घेत असाल तर परतीची मुदत सात दिवसांची आहे की फक्त बदलून देण्याची, हे आधी वाचा. सिग्नल तुमच्याच घरात तपासायचा असल्याने परत करता येणं महत्त्वाचं.

घरी बसवताना

एफएमची अँटेना म्हणजे बहुधा मागून लोंबणारी वायर. ती गुंडाळी करून संचामागे कोंबलेली असते, आणि निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच असतं. ती पूर्ण सोडा, भिंतीला सरळ उभी चिकटवा. ७५ ला केंद्राच्या मेगाहर्ट्झने भागलं की पाव लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. ९८.३ साठी ७६ सेंटीमीटर, १०७.१ साठी ७०. तुटलेली वायर बदलायची असेल तर ७५ सेंटीमीटर सगळ्यांना चालते. केंद्र धूसर लागलं तर संच दीड-दोन फूट सरकवून पाहा. समोरच्या इमारतीवर आपटून आलेली लहर आणि थेट आलेली लहर काही ठिकाणी एकमेकींना मारतात, जराशी जागा बदलली की सुटतात. वायर खिडकीच्या ग्रिलला बांधू नका. पावसात गंज चढतो आणि विजांच्या दिवसांत तो धोका घरात कशाला आणायचा? उंच मजल्यावर केंद्रं एकमेकांत घुसत असतील तर वायर ताणण्याऐवजी आखूड करा, २०-२५ सेंटीमीटर मोकळी ठेवून बाकी गुंडाळा. मघाशी म्हटलेला सोपा उपाय तो हाच.

मध्यम लहरींची अँटेना पोटात असते, फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेली, आणि तिला दिशा कळते. अस्मिता लावून संच जागच्या जागी सावकाश पाव वळसा फिरवा, एका कोनात आवाज एकदम उघडेल. तो कोन सापडला की खाली पेन्सिलने खूण करा.

वेळ लावताना मोबाईलच्या घड्याळावर किंवा रेडिओवरच्या ठोक्यांवर लावा. अ‍ॅपवर ऐकू येणाऱ्या रेडिओवरून लावू नका, इंटरनेटवरून येणारा आवाज कित्येक सेकंद मागे असतो.

काय बिघडतं आणि का

वीज आल्यावर आकडे लुकलुकत असतील तर बॅकअपची बॅटरी संपली आहे किंवा तिच्याखाली कारखान्यातली प्लास्टिकची पट्टी अजून तशीच आहे. ही पट्टी काढायची राहून जाणं फार सामान्य आहे. बॅटरी बदलताना प्लग लावलेलाच ठेवा, नाहीतर साठवलेलं सगळं जातं.

आकड्याची एखादी रेघ उमटत नसेल तर तो डिस्प्लेचा किंवा जोडाचा दोष. वॉरंटीत असताना बदलून घ्या, दुरुस्तीला परवडत नाही. आवाजाचा गोल खटका फिरवताना कर्रकर्र होत असेल तर तो दमट हवेचा प्रताप. प्लग काढून खटका पंधरा-वीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, बहुतेक वेळा साफ होतो. पेन्सिल सेल पावसाळ्याआधी काढून पाहा. संपलेले सेल दमट हवेत फुटतात आणि त्यांचा पांढरा क्षार स्प्रिंगा खातो. क्षार कमी असेल तर लिंबाच्या रसात बुडवून पिळलेल्या कापसाने पुसा, मग कोरड्या कापडाने, आणि दिवसभर सुकल्यावरच नवे सेल घाला.

अ‍ॅडॅप्टर मेलं तर नवं घेताना व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनेच्या आत धन की ऋण हे दाखवणारं वर्तुळाचं चित्र जुन्याशी जुळणारं घ्या. ९ व्होल्टच्या संचाला ५ व्होल्टचं लावलं तर तो कुजबुजतो, ५ च्या संचाला ९ चं लावलं तर बहुधा पहिल्याच मिनिटात वास येतो.